कमरभर माती

गुरलिंगप्पा सकाळपासून ओसरीवर बसून होते. जिवंतपणी त्यांना कुणी इतका वेळ एका जागी बसवू शकलं नव्हतं. पहाटे ते लिंगैक्य झाले, उजाडायच्या आत त्यांना अंघोळ घातली, कपाळाला आणि दंडांना विभूतीचे पट्टे ओढले, मांडी घालून भिंतीला टेकवलं आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. दारात मयताला बसवून न्यायचं, झेंडूच्या माळा लावलेलं विमान तयार होतं. भजनी मंडळी टाळ गळ्यात अडकवून दोनदा चहा पिऊन बसली होती. सगळं जागच्या जागी होतं, फक्त गुरलिंगप्पा अण्णांना न्यायचं कुठं हे ठरत नव्हतं.

लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ज्याला स्वतःचं रान आहे त्याला त्याच्याच रानात पुरतात. गावाबाहेर रुद्रभूमी होती, पण ती ज्यांना टीचभर जमीन नाही त्यांच्यासाठी. अण्णांना तिथं नेलं असतं तर निलंग्यापासून उदगीरपर्यंतच्या सोयऱ्यांनी पुढची तीन लग्नं त्याच विषयावर काढली असती. आणि अण्णांची जमीन काही कमी नव्हती. खाली औसा रस्त्याला लागून काळी होती, वर माळ होता. अडचण एवढीच की मागच्या साली वाटणी झाली तेव्हा अण्णांनी स्वतःसाठी काहीच ठेवलं नव्हतं. मुलांनी तेव्हा त्या त्यागाचं तोंडभरून कौतुक केलं होतं. आता बापाला बसायला जागा द्यायची म्हटल्यावर ते कौतुक दोघांच्याही अंगाशी आलं.

थोरल्या चन्नबसप्पाला दुःख झालं नव्हतं असं नाही. सकाळी तो चांगला ओक्साबोक्शी रडला होता. पण रडताना त्याचं मन सारखं रस्त्याकडं जात होतं. वर्षापूर्वी लातूरचा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी आली, आणि धाकटा शरणप्पा तिथं कारकून म्हणून बदलून आला. एवढ्या भांडवलावर घरातले सगळेच स्वतःला थोडेथोडे कलेक्टर समजू लागले होते. शरणप्पा शनिवारी एसटीनं गावी यायचा आणि पाय धुवायच्या आत सांगायचा की रस्ता रुंद होणार, दोन्ही अंगांनी प्लॉट पडणार. चन्नबसप्पानं आपल्या वाट्याच्या काळीचे प्लॉट मनातल्या मनात पाडून विकूनसुद्धा टाकले होते. त्यांच्या मधोमध बापाची समाधी काही केल्या बसत नव्हती.

"अण्णांची इच्छा माळावर जायची व्हती," त्यानं सांगून टाकलं.

शरणप्पानं लगेच मान हलवली. "मला बी बोलले व्हते."

दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर इतक्या लवकर एकमत झालेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. मयताच्या उशाशी बसलेल्या नागुबाई आत्यानं पदर तोंडावरून बाजूला केला. ती अण्णांची पाठची बहीण, तोंडानं फाटकी.

"मला न्हाई बोलला. माळाला तर जन्मभर शिव्या घालायचा," ती म्हणाली.

तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. सगळ्यांची नजर माजघराच्या दाराकडं गेली, कारण माळ होता पंचफुलेचा. पंचफुला म्हणजे मधल्या भावाची बायको. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी होती. वाटणीच्या वेळी ह्या एका मुलीचा फार विचार झाला. ती उद्या लग्न होऊन जाणार, मग काळी घेऊन फुला करणार काय, असा तो विचार होता. म्हणून काळी दोघा भावांत अर्धी-अर्धी झाली आणि पंचफुलेला अख्खा माळ मिळाला. आकारानं तो काळीच्या दुप्पट होता. फायदा उलट तिचाच झाला असं सगळ्यांनी तिला समजावून सांगितलं होतं.

तो माळ कसला होता, तर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली थेट पाताळापर्यंत काळा दगड. पाऊस पडला की तासाभरात पायाला चिखल लागत नाही, ऊन पडलं की अनवाणी उभं राहवत नाही. कुळीथ, कारळं आणि कुसळाचं गवत, एवढंच काय ते राजीखुशीनं येतं. एका वर्षी शेतकी खात्याचे साहेब गावात आले होते. त्यांनी पारावर सांगितलं की हा सगळा मुलूख ज्वालामुखीच्या दगडाचा आहे. खालची काळी आणि वरचा बरड, दोन्ही एकाच दगडाची लेकरं. वरून झिजून, वाहून खाली साचली ती काळी, आणि ज्याची माती व्हायची राहून गेली तो माळ. लोक हो-हो म्हणाले आणि घरी गेले. चन्नबसप्पानं मात्र त्यातलं अर्धं ध्यानात ठेवलं आणि वाटणीच्या बैठकीत वापरलं.

"ज्वालामुखीची माती हाय, काळीची सख्खी बहीण," त्यानं पंचांना सांगितलं होतं. "समद्या माळावर कमरभर माती हाय."

पंच व्यंकटराव पाटलांना शंका आली तेव्हा त्यानं वर नेऊन एका ठिकाणी खणून दाखवलं. खरोखर कमरभर माती निघाली. पाटलांनी स्वतः हात घालून पाहिली आणि मिशीवर हात फिरवत मान्यता दिली. अण्णा तेव्हा बांधावर बसले होते. ते काहीच बोलले नाहीत.

आज पंचफुला दारात येऊन उभी राहिली. रात्रभर तीच सासऱ्याजवळ जागी होती. शेवटचा चमचाभर पाण्याचा घोट तिनंच पाजला होता. ती नाही म्हणेल, रडेल, मग तिला चार माणसांत समजावता येईल, अशी चन्नबसप्पानं तयारी केली होती.

"चालंल की," पंचफुला म्हणाली. "मामंजी माझ्या रानात आले तर माझं भाग्य."

चन्नबसप्पाची तयारी वाया गेली. शरणप्पाची बायको उमादेवी मात्र सावध झाली. तिला ह्या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती आणि इतक्या सहज कुणी कुणाला काही दिल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. 'आक्का इतकी गोड का बोलली?' हा प्रश्न तिच्या डोक्यात किडा होऊन बसला आणि विमानामागं चालताना तो वळवळतच राहिला.

भजन म्हणत माळावर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. वैशाखातला माळ तव्यासारखा तापला होता. विमान हिवराच्या सावलीत टेकवलं. लिंबाजी आणि त्याची दोन माणसं कुदळी-पहारी घेऊन आधीच येऊन बसली होती. चन्नबसप्पा इकडंतिकडं न बघता सरळ उताराकडच्या एका कोपऱ्यात गेला. तिथं खोलीएवढा एक तुकडा होता, चहूबाजूंनी दगड रचलेला, आतली माती भुसभुशीत.

"हितं खणा," तो म्हणाला.

"तिथं न्हाई," पंचफुला म्हणाली.

टाळ थांबले. विधीला आलेल्या जंगम स्वामींनी झोळी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"तेवढीच जागा पिकती," पंचफुला शांतपणे म्हणाली. "मिरची, अंबाडी, काय व्हतं ते तिथंच व्हतं. बाकी समदा माळ मोकळा हाय. मोठे भावजी, तुम्हीच सांगितलंत, समद्या माळावर कमरभर माती हाय. मग कुठं बी खणा."

यात खोट काढायला जागा नव्हती. चन्नबसप्पानं तरी काढून पाहिली. ही जागा उताराला आहे, शांत आहे, अण्णांना आवडायची, असं तो बोलत राहिला. व्यंकटराव पाटील बांधावर छत्री धरून उभे होते. तेही म्हणाले की सून बरोबर बोलते, चांगल्या मातीचा तुकडा कशाला घालवायचा, माती तर सगळीकडंच आहे. आपण काय बोलून बसलो हे पाटलांना अजून कळलं नव्हतं.

स्वामींनी पूर्वेकडची उंच जागा पसंत केली. लिंबाजीनं कुदळ मारली. वीतभर माती निघाली, मग मुरूम निघाला, मग कुदळीतून ठिणगी निघाली आणि लिंबाजीच्या हाताला झिणझिण्या आल्या. एखादा धोंडा असेल म्हणून पाच पावलं सरकून खणलं. तिथंही तसाच आवाज आला. मग चन्नबसप्पानं स्वतः जागा दाखवली, कुदळ स्वतः हातात घेतली आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. गुडघाभर खड्डासुद्धा होईना. बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर माती यायला हवी. इथं अण्णा कमरेपर्यंत बाहेरच राहिले असते.

सोयऱ्यांत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं सुरुंग लावावा. स्वामी म्हणाले, मयताला सुरुंग शास्त्रात नाही. ऊन कलायला लागलं होतं आणि मावळायच्या आत माती व्हायला हवी होती. अण्णांच्या अंगावरची फुलं मलूल झाली होती, माश्या बसत होत्या आणि नागुबाई आत्या विमानाला टेकून पदरानं त्या हाकत होती.

चन्नबसप्पानं शेवटी भावाला बाजूला घेतलं, पण माळावर बाजू कुठली असणार? सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला की आता काळीतच जावं लागेल, आणि शरणप्पाचा तुकडा जवळ पडतो. शरणप्पा म्हणाला, पहिला मान थोरल्याचा. चन्नबसप्पा म्हणाला, तू लातूरला राहतोस, तुझं रान तसंही बटईनं असतं. शरणप्पा म्हणाला, मग तुझ्या वाट्याला तरी कुठं तू नांगर धरतोस? दोघांनाही बापाची समाधी फार पवित्र वाटत होती. तिचं पुण्य दुसऱ्यानं घ्यावं एवढीच दोघांची इच्छा होती.

उमादेवीनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. भावासमोर तो नेहमीच शेवटी मऊ पडायचा. कचेरीत साहेबासमोर आणि घरी दादासमोर त्याची मान एकाच कोनात वाकायची. ह्याच काळीच्या तुकड्यावर तिनं लातूरच्या घराचं स्वप्न बांधलं होतं. ती पुढं झाली आणि नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढावा तसं बोलली.

"गप का बसलाव? वाटणीच्या वक्ताला दादांनी खड्डा कुठं दाखवला व्हता, ते तुमाला ठाऊक हाय न्हवं?"

ही गोष्ट शरणप्पानंच कधीतरी बायकोला विश्वासानं सांगितली होती. आता एकीकडं भाऊ होता, दुसरीकडं रस्त्याकडची जमीन होती. त्यानं फार वेळ विचार केला नाही.

"दादा," तो म्हणाला, "बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामाला हितनं खडी काढली व्हती. त्याचा खड्डा पडला. धा वर्सं पावसानं गाळ आणून भरला. तू पंचास्नी तोच खणून दाखवलास."

"तवा तू बी हितंच व्हतास," चन्नबसप्पा म्हणाला. "तवा का न्हाई बोललास?"

"तू थोरला. तुझ्यापुढं कसं बोलायचं?"

"तवा काळीचा अर्धा वाटा मिळत व्हता म्हणून न्हाई बोललास!"

यानंतर दोघं एकमेकांविषयी जे बोलले ते सगळं खरं होतं, म्हणून इथं देण्यात अर्थ नाही. वर्षभर झाकलेली मूठ भावांनी मिळून चारचौघांत उघडली आणि सव्वा लाखाची इज्जत माळावर सांडली.

व्यंकटराव पाटलांनी छत्री मिटली. चार गावांच्या वाटण्या त्यांनी केल्या होत्या. आपल्याला दगडाच्या खाणीतला गाळ काळीची सख्खी बहीण म्हणून दाखवला गेला आणि आपण त्यात हात घालून मिशीवर फिरवला, हे त्यांना आता पुरतं समजलं. बाजूला उभा असलेला एक सोयरा हसला. पाटलांना फुलेवर झालेल्या अन्यायाचा राग किती आला ते सांगता येत नाही, पण त्या हसण्याचा फार आला.

पंचफुला हे सगळं ऐकत हिवराखाली उभी होती. तिला यातलं नवीन काहीच नव्हतं. पावसाळ्यात तिनं अख्ख्या माळावर ज्वारी पेरली होती. माळभर ताटं घोट्याएवढी राहिली आणि ह्या एका चौकोनात छातीएवढी झाली. खालून जाणारी माणसं थांबून बघत आणि गालात हसत. आपल्याला काय वाटून दिलंय ते तिला त्याच दिवशी कळलं होतं. ती पोरीला कुशीत घेऊन पोटभर रडली होती. मग कुणाला काही बोलली नव्हती, कारण एकट्या बाईनं बोलून उपयोग नव्हता. हे त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं.

सासऱ्याचाही तिला राग होता. खडी फोडायला बहात्तर साली हा माणूस स्वतः इथं बसला होता. वाटणीच्या दिवशी त्यानं एक शब्द बोलायला हवा होता, आणि तो बोलला नाही. तरी तिनं त्याचं सगळं केलं, अंथरुणातलंसुद्धा केलं. आता त्या राखेनं माखलेल्या, कलंडत चाललेल्या देहाकडं बघून तिला एकदम भडभडून आलं. मुलगे त्याच्यासमोर रानासाठी भांडत होते आणि आत्या एकटी माश्या वारत होती. माणूस चुकला होता, पण असा उन्हात बसवून ठेवण्याइतका चुकला नव्हता.

"लिंबाजीदादा," ती म्हणाली, "त्या तुकड्यात खणा."

भांडण थांबलं.

"आक्का, तुझी मिरची..." उमादेवी म्हणाली. खरं तर तिला हायसं वाटलं होतं, आणि ते तिच्या आवाजातून लपलं नाही.

"खणा," पंचफुला म्हणाली.

खड्डा बघता बघता झाला. मऊ, काळपट गाळ होता. कुदळ दांड्यापर्यंत जात होती. तळाला पुन्हा दगड लागला, पण तोवर अण्णांना पुरेल एवढी खोली झाली होती. स्वामींनी मंत्र म्हटले, बेलाची पानं आणि विभूती पसरली. अण्णांना आत उतरवलं, पूर्वेकडं तोंड करून बसवलं. पहिली मूठ थोरल्या मुलाची. चन्नबसप्पा खाली वाकला. आता सगळं निभावलं असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं माती उचलली आणि हात पुढं केला.

नागुबाई आत्यानं त्याचं मनगट धरलं. "थांब," ती म्हणाली. "फुलाला कायतरी बोलायचंय."

पंचफुलेनं आत्याला काही सांगितलेलं नव्हतं. पण बोलायचं होतं हे खरं. ती खड्ड्याच्या काठाशी आली. थोरल्या दिराच्या डोळ्याला डोळा देऊन ती आजवर कधी बोलली नव्हती.

"मोठे भावजी, ह्या माळावर एका माणसापुरती माती व्हती. ती मी मामंजीला दिली," ती म्हणाली. "आता माझी माती मला द्या."

चन्नबसप्पानं पंचांकडं पाहिलं. एवढा एक दिवस जाऊ द्या, दुःखाच्या वेळी हा विषय बरा नाही, असं कुणीतरी म्हणेल अशी त्याला आशा होती. व्यंकटराव पाटील म्हणाले, "माझ्या मतानं ती वाटणी झालीच न्हाई. काळीचे तीन वाटे, माळाचे तीन वाटे. कबूल असंल तर मूठ टाक. नसंल तर बापाला तसाच बसू दे, आम्ही बी बसतो."

आणि ते खरोखरच बांधावर बसले. भजनी मंडळी त्यांच्याशेजारी बसली. चन्नबसप्पानं शरणप्पाकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला भावाची गरज लागली होती, आणि शरणप्पा हिवराच्या शेंड्याकडं बघत होता.

"कबूल," चन्नबसप्पा म्हणाला.

"कंचा तुकडा?" पंचफुलेनं विचारलं.

"रस्त्याकडचा."

उमादेवीनं डोळे मिटून घेतले, कारण आता शरणप्पालाही तेच म्हणावं लागणार होतं. त्यानं ते इतक्या हळू म्हटलं की आत्यानं त्याला तीनदा म्हणायला लावलं. मग मूठ पडली, मागोमाग सगळ्यांच्या मुठी पडल्या, आणि दिवस मावळायच्या आत गुरलिंगप्पा आपल्या सुनेच्या रानात नीट बसले.

तिसऱ्या दिवशी पंगत होती. त्याच्या आदल्या दिवशी पाटलांनी उभं राहून काळीत खुणेचे दगड रोवून घेतले होते. लातूर, निलंगा, उदगीर, जिथून जिथून सोयरे आले होते तिथून ते जेवायलाही आले. ज्यांना माळावर यायला जमलं नव्हतं त्यांना हकिगत ऐकायची होती, आणि चन्नबसप्पा ती सांगायला तयार होता. सुंभ जळला होता, पीळ शाबूत होता. पंगतीच्या मध्यभागी बसून तो सांगत होता की विधवा भावजयीचा विचार आधीपासून त्याच्या मनात होता, लातूर जिल्ह्याचं गाव झालं, रस्त्याकडच्या रानाला मोल आलं, म्हणून बापाच्या मातीची आण घेऊन त्यानं तिला तोच वाटा दिला. अशी मनं आता राहिली नाहीत, असं उदगीरचा एक पाहुणा म्हणाला. व्यंकटराव पाटील मान खाली घालून जेवत होते.

पंचफुला गव्हाची गोड हुग्गी वाढत ओळीनं येत होती. चन्नबसप्पाच्या पानाशी आली तेव्हा त्याचं बोलणं जरा अडखळलं. ती आता सगळ्यांदेखत खरं सांगेल या भीतीनं त्यानं घास हातातच धरला.

"खरं हाय, भावजी," ती म्हणाली. "मोठेपणा तुम्ही ठेवा. रान मी ठेवते."

आणि ती पुढच्या पानाकडं गेली.